पोळीचं वेगळं असतं

"जगात माणसं दोनच प्रकारची असतात," विवेक चौबळांनी गाडीच्या काचेवर आपटणाऱ्या पावसाला उद्देशून जाहीर केलं. "किनारा धरून बसणारी आणि किनारा सोडणारी. आपण सोडणाऱ्यांतले."

त्यानंतर फेरीबोटीच्या तिकीटखिडकीतल्या बाईंनी त्यांच्या फोनवरचं रिझर्व्हेशन पाहिलं, चष्मा वर सरकवून पुन्हा पाहिलं, आणि ते कालच्या तारखेचं असल्याचं अतिशय गोड आवाजात सांगितलं. पुढचे साडेतीन तास चौबळ कुटुंब किनारा धरून बसलं.

बसायची जागा तशी वाईट नव्हती. अ‍ॅनाकोर्टिसच्या धक्क्यावर, बिनरिझर्व्हेशनवाल्यांच्या रांगेत त्यांची गाडी सतरावी होती. समोर करडा समुद्र, वर करडं आभाळ, आणि दोहोंच्या मध्ये कुठेतरी ती सान हुआन बेटं, ज्यांच्यासाठी ही मंडळी बॉथेलहून अंधारातच निघाली होती. टपावर फुगवायची कयाक-होडी होती. मागे दोन तंबू आणि तीन स्टोव्ह होते, त्यांतला एक चालायचा. स्टिअरिंगवर विवेककाका, एका मोठ्या कंपनीत इतकी वर्षं मॅनेजर, की आपण नक्की काय मॅनेज करतो हे विचारायचं आता त्यांनीही सोडून दिलं होतं. त्यांच्या बाजूला देवयानीमावशी. मागे त्यांची मुलगी रुही, वय सतरा, कानात इअरबड, डोक्यात कॉलेजचे अर्ज. आणि रुहीशेजारी, मांडीवर पुऱ्यांचा डबा सांभाळत, चैत्राली ढोक. मुक्काम कारंजा, जिल्हा वाशीम, सध्या चौबळांच्या घरी एक्स्चेंज स्टुडंट.

डबा तिने आपणहून मागून घेतला होता. ठेव गं मागे, म्हणून मावशींनी सांगितलं होतं, पण या ट्रिपमध्ये जमेल तितकं उपयोगी पडायचं असं चैत्रालीने ठरवलं होतं. त्याला कारण होतं.

तिचं अमेरिकेतलं वर्ष दोन तुकड्यांत होतं. पहिला तुकडा चौबळांकडे पक्का. दुसऱ्या तुकड्यासाठी त्याच घराने पुन्हा हो म्हणायचं आणि मुलीनेही हो म्हणायचं, अशी प्रोग्रॅमची पद्धत. त्याचा फॉर्म दोघांच्या वतीने यजमानांनीच ऑनलाइन भरायचा होता आणि त्याची मुदत येत्या मंगळवारी संपत होती. हो आलं नाही, तर जानेवारीत परतीचं तिकीट. आयत्या वेळी दुसरं घर मिळेल अशा भ्रमात कोणी राहू नये, हे कोऑर्डिनेटर लिंडाबाईंनी ओरिएंटेशनच्या दिवशी हसत हसत तीनदा सांगितलं होतं. आणि अर्धं वर्ष करून परत गेलं तर त्या अर्ध्याचं कारंज्यात लोणचंसुद्धा घालता येणार नव्हतं. अकरावीत पुन्हा नव्याने बसायचं. गेल्या वर्षी जी पोरं तिला ताई, ताई म्हणत गणितं विचारायची, त्यांच्याच बाकावर.

शिवाय फ्लेक्स होता. ती निघाली त्या दिवशी नंदूमामाने मेन चौकात तिच्या फोटोचा आठ बाय बाराचा फ्लेक्स लावला होता. 'कारंज्याची कन्या अमेरिकेस रवाना', आणि खाली शुभेच्छुक म्हणून गॉगल घातलेली बावीस माणसं. फ्लेक्स सुस्थितीत असल्याचं मामा दर रविवारी फोनवर कळवत असे. जानेवारीत ती परतली, तर तिची रिक्षा त्याच फ्लेक्सखालून घराकडे वळणार होती.

तर त्या फॉर्मबद्दल मावशी म्हणाल्या होत्या, घरी घाईघाईत नको, बेटावर गेल्यावर निवांत बोलू. हे वाक्य चैत्राली आठ दिवस मनात घोळवत होती. निवांत बोलायचं म्हणजे हो म्हणायचं. नाही म्हणायला कोणी टपावर कयाक बांधून ऐंशी मैल जात नाही.

आणि आपण काय बोलायचं हे तर तिला पाठच होतं. निघण्याआधी आईने बॅग भरण्यात जेवढा वेळ घालवला, त्याहून जास्त हे शिकवण्यात घालवला होता. परक्याच्या घरी कोणी काही विचारलं, की पहिल्यांदा नाही म्हणायचं. लगेच हो म्हणते ती हावरी. दुसऱ्यांदा विचारलं की 'कशाला उगाच' म्हणायचं; ते नाहीही नसतं आणि होही नसतं, दाराच्या फटीत ठेवलेलं पाऊल असतं. तिसऱ्यांदा विचारलं, की समोरच्याच्या मनात खरोखर आहे असं समजायचं, आणि खाली बघून 'बरं, तुम्ही म्हणता तर' म्हणायचं.

"अन् तिसऱ्यांदा विचारलंच नाही तर?" चैत्रालीने विचारलं होतं.

उद्या सूर्य उगवला नाही तर काय, असं कोणी विचारल्यावर बघावं तसं आईने तिच्याकडे बघितलं होतं. "असं कोणी करते काय बाप्पा?"

देवयानीमावशी तर तसं करणाऱ्यांतल्या नव्हत्याच. माहेर मिरजेचं, आणि बॉथेलच्या मराठी मंडळींत आग्रहासाठी नाव. त्यांच्याकडे रात्री जेवायला जायचं असलं की जाणते लोक सकाळपासून लंघन करत. चैत्राली चौतीस तासांचा प्रवास करून त्यांच्या टेबलाशी पहिल्यांदा बसली तेव्हा तिने ताटावर रीतसर आडवा हात धरला होता. मावशींनी एका हाताने तिचा हात उचलला आणि दुसऱ्या हाताने पोळी वाढली. असं चारदा. "नाही हा शब्द माझ्या स्वयंपाकघरात चालत नाही," त्या म्हणाल्या होत्या. पाचवी पोळी शपथेवर गेली. त्या पाचव्या पोळीला चैत्रालीच्या डोळ्यांत पाणी आलं. थोडं पोटामुळे, पण बरंचसं मायेमुळे. या घरात आपल्याला बोली बदलावी लागणार नाही, असं तिला वाटलं. मराठी नव्हे. ही दुसरी, तीनदा विचारायची.

दुपारी एकदाची फेरी मिळाली. वरच्या डेकवर रुहीने तिचे अकरा फोटो काढले. दोन महिन्यांत तिने काढलेले हे पहिलेच. कठड्याला धर, तिकडे बघ, हसू नको, "लाइक, सॅड, बट होपफुल." चैत्रालीने चुकलेल्या एस.टी.कडे बघावं तसं समुद्राकडे बघितलं. रुही म्हणाली, परफेक्ट.

बेटाच्या पश्चिम अंगाला, थेट पाण्यावर उतरणाऱ्या गवताळ उतारावर त्यांची तंबूची जागा होती. समोर पाणी आणि पाण्यापलीकडे निळसर डोंगर. "तो कॅनडा," काका म्हणाले, आपण सांगून ठेवला होता म्हणून वेळेवर हजर राहिला अशा सुरात. इथे बसल्या जागेवरून व्हेल दिसतात, असंही त्यांनी सांगितलं आणि चार खुर्च्या समुद्राकडे तोंड करून मांडल्या. व्हेल आले नाहीत. त्यांचंही रिझर्व्हेशन बहुधा कालचं होतं.

चैत्रालीने तंबूच्या खुंट्या ठोकल्या. नळावरून पाणी आणलं. काका माहितीपत्रक मोठ्याने वाचत उभे असताना तिने पायाने पंप मारून मारून ती कयाक फुगवली. तिच्या पोटऱ्यांना गोळे आले तेव्हा कुठे ती होडीसारखी दिसू लागली. मावशी खुर्चीतून म्हणाल्या, "किती कामाची आहे गं ही पोरगी." चैत्रालीने ते वाक्य जपून ठेवलं. ते अजून विचारणं नव्हतं, पण विचारण्याच्या आळीतलं होतं.

मग काका तिला कयाकमधून घेऊन गेले. म्हणजे बसले काका पुढे, वल्हवलं बरंचसं तिने. पोहायला ती अडाण धरणाच्या पाण्यात शिकली होती. समुद्र मात्र पहिल्यांदाच तिच्या बुडाखाली एवढा जवळ, एवढा गार होता. काका बोलत होते. ते व्हायकिंगांबद्दल बोलले, आपल्या आरमाराबद्दल बोलले, फुप्फुसांची क्षमता आणि नेतृत्वगुण यांच्या संबंधाबद्दल बोलले. ती प्रत्येकाला 'हो काका' म्हणत होती. एक सील पाण्यातून डोकं काढून, मिरवणूक बघणाऱ्या पेन्शनरासारखा, भुवया नसताना भुवया उंचावून बघत राहिला. आणि व्हायकिंग संपून भरती-ओहोटी सुरू व्हायच्या मधल्या जागेत, मागे वळून न बघता, काका म्हणाले, "आज देवयानी तुला काहीतरी विचारेल. हवं असेल तर हवं म्हण. पहिल्यांदाच. इथे स्पष्ट बोलावं लागतं."

"हो काका," चैत्राली म्हणाली, आणि ते वाक्यही तिने व्हायकिंगांशेजारी ठेवून दिलं. दिवसभरात काकांनी उच्चारलेल्या शे-दीडशे वाक्यांत कामाचं ते एकच होतं. पण त्याला वेगळा रंग नव्हता, की ओळखावं. लगेच पुढे कयाक समुद्रातल्या लांब, चिकट शेवाळाच्या पट्ट्यांत अडकली. काकांनी त्या वनस्पतीचं औषधी महत्त्व सांगितलं. चैत्रालीने हात घालून ती सोडवली आणि तोंड किनाऱ्याकडे वळवलं.

साडेसहाच्या सुमाराला सूर्य कॅनडामागे गेला. पाऊस थांबला होता. चालणाऱ्या स्टोव्हवर मावशींनी आलं घालून चहा केला. रुही तंबूत लॅपटॉप घेऊन बसली होती. काका उरलेल्या दोन स्टोव्हना आयुष्यात आणखी एक संधी देत होते.

"चैत्राली," मावशी म्हणाल्या, "तो फॉर्म आहे बघ. जानेवारीपासून पुढे राहायचंय का तुला आमच्याकडे?"

आठ दिवस ज्याची वाट बघितली ते असं चहाच्या वाफेतून समोर आलं. चैत्राली एवढी हरखली, की आईच्या तीन पायऱ्यांचं भान राहिलं नाही. "नाही मावशी," ती म्हणाली, "कशाला उगाच तुम्हाला त्रास." आणि लगेच तिच्या लक्षात आलं की आनंदाच्या भरात आपण पहिलं आणि दुसरं एका दमात बोलून गेलो. आई असती तर रागावली असती. पण हरकत नव्हती. आता फक्त तिसरं राहिलं. तिने मान खाली घातली आणि 'बरं, तुम्ही म्हणता तर' ओठांशी आणून ठेवलं.

"बरं," मावशी म्हणाल्या.

चैत्राली थांबली. काही लोक आग्रहाची सुरुवात 'बरं'ने करतात. बरं, पण मी काय म्हणते. बरं, पण तू परकी का आहेस. खाली गोट्यांवरून एक लाट मागे गेली, मग दुसरी गेली. पुढचं वाक्य आलं नाही.

काकांनी स्टोव्हमधून मान वर केली. "अगं, पण ती—"

"विवेक, ती नाही म्हणाली." मावशींचा आवाज साईसारखा मऊ होता. "मुलीच्या नाहीचा मान राखायला शिकलं पाहिजे आपण. आपल्याकडे कोणी राखत नाही. इथे राखतात."

अ‍ॅनाकोर्टिसपासून जगातल्या प्रत्येक गोष्टीवर ज्यांना मत होतं, त्या काकांनी तोंड उघडलं, एकदा बायकोकडे आणि एकदा चैत्रालीकडे बघितलं, आणि पुन्हा स्टोव्हमध्ये डोकं घातलं. मावशींनी पदर नसल्यामुळे जॅकेटला हात पुसले, फोन घेतला, उतारावर थोडं वर जाऊन सिग्नल शोधला आणि अंगठ्याने चारपाच ठिकाणी टकटक केलं. मग त्या खाली येऊन चहाचे ग्लास गोळा करू लागल्या.

जेवताना मात्र त्यांनी बटाट्याच्या भाजीचा चारदा आग्रह केला. चैत्राली आडवा हात धरत होती, त्या तो उचलत होत्या. तिला हायसं वाटलं. म्हणजे पद्धत शाबूत आहे. फॉर्मचं थोडं मागे पडलं एवढंच. सकाळी चहाबरोबर विचारतील. पोटभर भाजी खाऊन ती झोपली.

सकाळी चहाबरोबर मावशींनी तिला टूथपेस्ट कुठे ठेवली ते विचारलं.

नंतर ओहोटी लागली तेव्हा रुही तिला खाली गोट्यांच्या किनाऱ्यावर घेऊन गेली. समुद्राने आणून टाकलेले झाडांचे मोठमोठे ओंडके तिथे पडले होते. त्यांतल्या एकावर बसून रुहीने लॅपटॉप उघडला. तिचा कॉलेजच्या अर्जाचा निबंध झाला होता; चैत्रालीवरच होता, तर एकदा तिने ऐकावा. "डझ इट साउंड सिन्सियर, तेवढं सांग."

चैत्राली ऐकू लागली. निबंधात भारतातल्या एका खेड्यातून एक मुलगी येते. कारंजा खेडं नाही, तिथे नगरपरिषद आहे, हे चैत्रालीने मनात म्हटलं. ती मुलगी लाजाळू असते, डिशवॉशरला घाबरते. मग रुही तिला एका बेटावर घेऊन जाते. मुलीने समुद्र कधी पाहिलेला नसतो. एवढ्यात लाटांतून एक काळाकभिन्न व्हेल वर येतो, आणि ती मुलगी रडू लागते, आणि रुहीला समजतं की आपण जे रोज बघतो ते कधी बघितलेलंच नसतं.

"व्हेल आला नाही ना पण," चैत्राली म्हणाली.

"दे डोन्ट चेक," रुही म्हणाली आणि शेवटचा परिच्छेद वाचला. जानेवारीच्या एका सकाळी आम्ही तिला एअरपोर्टवर सोडलं. घरी आल्यावर तिची खोली रिकामी होती, आणि घर म्हणजे भिंती नव्हेत हे मला तेव्हा कळलं.

गोट्यांमधल्या डबक्यात एक खेकडा बाजूबाजूने चालत होता. तो दगडाखाली जाईपर्यंत चैत्रालीने त्याच्याकडे बघितलं.

"हे कधी लिहिलंस?"

"फर्स्ट ड्राफ्ट? लाइक, लेबर डे."

"सप्टेंबरच्या सुरुवातीला? तेव्हा मला येऊन तीनच आठवडे झाले होते."

"येह, पण डेडलाइन नोव्हेंबर फर्स्ट आहे ना, सो."

"अन् मी जानेवारीत जाणार हे?"

"मॉमने सांगितलं. मी आधी लिहिलं होतं की तू समरपर्यंत राहतेस, पण तिथे स्टोरी कुठे संपतच नव्हती. मॉम म्हणाली, गुडबाय इज अ बेटर एंडिंग." रुहीने पहिल्यांदा स्क्रीनवरून मान वर केली. "वेट. यू न्यू, राइट?"

चैत्राली दगडाखाली गेलेला खेकडा शोधू लागली. साडेसहाशे शब्दांची मर्यादा होती, रुही सांगत होती, आणि सहाशे अठ्ठेचाळीस झाले होते. चैत्रालीला राहायचं होतं, पण उरलेल्या दोन शब्दांत ती बसली नसती.

"सो? सिन्सियर वाटतं?"

"हो," चैत्राली म्हणाली. पहिल्यांदा विचारल्यावरच.

मावशी वर नळाशी भांडी विसळत होत्या. चैत्राली उतार चढून त्यांच्यासमोर उभी राहिली. तिचा श्वास लागला होता. तिच्या हिशेबाने आग्रह उलट्या बाजूनेही करता येत असणार; कोणी केला नव्हता एवढंच.

"मावशी, मला राहायचंय."

मावशींनी वर बघितलं.

"मला राहायचंय," ती पुन्हा म्हणाली. आणि तिसऱ्यांदा, आवाज फाटला तरी, "मला जूनपर्यंत तुमच्याकडे राहायचंय."

मावशींनी नळ बंद केला. "अगं, पण मी तर कालच सबमिट केलं. स्टुडंट डिक्लाइन्ड, असा चौकोन असतो तिथे."

"मी मनापासून नाही म्हटलं नव्हतं."

"मग मनात काय ते म्हणायचं ना, राजा."

"वाटलं, तुम्ही परत विचाराल."

"इथे एकदाच विचारतात."

"पहिल्या दिवशी तुम्ही पोळी चारदा विचारली होती."

मावशींनी हातातलं पातेलं पालथं घातलं. त्यातून गळणारे थेंब त्यांनी बोटाने निपटले.

"पोळीचं वेगळं असतं," त्या म्हणाल्या.

मग त्यांनी तिला जवळ बसवून घेतलं आणि बरंच काही सांगितलं. रुहीचं हे वर्ष किती महत्त्वाचं आहे. घरात एक माणूस वाढलं की किती बारीकसारीक वाढतं, हे तिला तिचा संसार झाला की कळेल. तिच्यावर त्यांचा राग नव्हता, उलट तिची सवय होऊन बसली होती. त्यांनी तिच्या पाठीवरून हात फिरवला. हात ओला होता, पण माया त्यात खरी होती. त्याचाच चैत्रालीला जास्त त्रास झाला.

"आणि खरं सांगू?" मावशी म्हणाल्या. "आम्ही नाही म्हटलं असतं ना, तर रेकॉर्डवर ते आमच्या नावाने लागलं असतं. मग लिंडाचे प्रश्न, मग तुला वाईट वाटणार. तू आपणहून म्हणालीस ते फार बरं झालं. कोणालाच वाईटपणा आला नाही."

तंबू उतरवताना काकांनी माहितीपत्रक उघडलं नाही. खुंट्या त्यांनी स्वतः उपटल्या, आणि कयाकमधली हवा काढताना तिच्यावर बसून राहिले. दोघं बरोबरीने खाली जात होते.

परतीची फेरी सुटते त्या फ्रायडे हार्बर गावाच्या वाटेवर चैत्राली लिंडाबाईंना करायचा फोन मनात जुळवत होती, इंग्रजीत. मॅडम, तिने मला विचारलं. मी नाही म्हटलं. पण ते पहिलं नाही होतं. नाही मॅडम, दुसरंही त्यातच होतं, ती माझी चूक झाली. तरी तिसरं राहिलंच होतं. हो मॅडम, नाहीचा अर्थ नाहीच. पण आमच्याकडे हात उचलून ताटात वाढतात. तिने ते चार वेगवेगळ्या तऱ्हांनी जुळवून बघितलं. प्रत्येक तऱ्हेत शेवटी लिंडाबाई हसत हसत तोच प्रश्न विचारत होत्या: तुला विचारलं होतं ना? आणि प्रत्येक तऱ्हेत ती खोटं न बोलता हो म्हणत होती.

गावात शिरताच फोनला सिग्नल आला, आणि सिग्नलबरोबर ईमेल. तुमच्या निर्णयाचा आम्ही आदर करतो. परतीचा प्रवास नऊ जानेवारी. त्याखाली प्रोग्रॅमबद्दल पाच ताऱ्यांपैकी किती द्याल, असं विचारलं होतं. ईमेलपाठोपाठ नंदूमामाने पाठवलेला फोटो आला. चौकात ट्रकने खांबाला घासलं होतं, पण काळजी करू नये, फ्लेक्सला धक्का लागला नव्हता. उलट मामाने तो नव्या दोरीने असा आवळला होता की वर्षभर हलणार नव्हता.

परतीचं रिझर्व्हेशन बरोबर त्याच दिवसाचं निघालं. फेरी निघून वीस मिनिटं झाली असतील, एवढ्यात स्पीकरवरून आवाज आला की उजव्या हाताला ऑर्का व्हेल आहेत. बोटीवरची सगळी माणसं उजव्या कठड्याला धावली. चैत्राली तिथे आधीपासूनच उभी होती. पाण्यातून एक काळा सुळका वर आला, मग त्याच्यामागे दोन, मग एक अख्खं अंग, काळं आणि पांढरं, धुतल्यासारखं स्वच्छ. त्याने वाफेचा एक श्वास सोडला आणि पाणी पुन्हा मिटलं. ते कुठे राहतात, किती दिवस राहतात, हे त्यांना कोणी विचारत नसावं.

"ओ माय गॉड, यू आर क्राइंग," रुही म्हणाली. तिने फोन वर धरला होता. तिचा आवाज आनंदाने चिरकला. "मॉम, शी इज अ‍ॅक्च्युअली क्राइंग. इट्स ऑल ट्रू नाऊ."

काका शेजारी येऊन उभे राहिले. दोन्ही हात कठड्यावर ठेवून त्यांनी घसा साफ केला. "जगात माणसं दोनच प्रकारची," ते म्हणाले, आणि पुढचं न बोलता खाली गाडी बघायला निघून गेले.

चैत्राली आतल्या बाकावर जाऊन बसली. खिडकीतून बेटं एकेक करून मागे पडत होती. थोड्या वेळाने मावशी आल्या, तिला खेटून बसल्या आणि पिशवीतून डबा काढून त्यांनी झाकण उघडलं. तळाला एक पुरी उरली होती, कालची, चामड्यासारखी झालेली.

"घे," त्या म्हणाल्या.

"नको मावशी."

"अगं, घे. सकाळपासून काही खाल्लं नाहीस."

"खरंच नको. माझी इच्छा नाही." तिने डब्यावर आडवा हात धरला. जन्मात पहिल्यांदा ती मनापासून नाही म्हणत होती.

मावशींनी एका हाताने तिचा हात उचलला आणि दुसऱ्या हाताने पुरी तिच्या तळव्यावर ठेवली.

"माझी शपथ आहे तुला," त्या म्हणाल्या. "एवढी एक संपव ना, म्हणजे घरी गेल्या गेल्या डबा घासायला टाकता येईल."